रुग्णालयातील कामाचा ताण आणि निर्णयाचा अधिकार : विभागप्रमुखांसाठी मार्गदर्शिका

हे मार्गदर्शन मुख्यतः वॉर्डच्या इन-चार्ज सिस्टर, विभागप्रमुख डॉक्टर, प्रयोगशाळेचे किंवा औषध विभागाचे पर्यवेक्षक अशा मधल्या पायरीवर काम करणाऱ्यांसाठी आहे. रुग्णालयाचे अंदाजपत्रक त्यांच्या हातात नसते आणि नोकरभरतीही नसते. मात्र कोणी कोणती ड्युटी करायची, कोणता निर्णय कोणाला विचारून घ्यायचा, कोणते रजिस्टर चालू ठेवायचे आणि कोणते बंद करायचे, अशा असंख्य बारीक गोष्टी त्यांच्याच सहीने ठरतात. आरोग्यसेवेतील ताणाचा मोठा भाग या बारीक गोष्टींत असतो, आणि तेथे हात घातला तर वरिष्ठांच्या मंजुरीची वाट न पाहताही बरेच काही साधता येते, असे माझे मत आहे. ज्यांच्याकडे कोणतेच पद नाही अशा निवासी डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी पुढे वेगळ्या सूचना दिल्या आहेत.

आधी ताण कशाला म्हणायचे ते ठरवा

काम खूप असणे आणि कामाचा ताण असणे या गोष्टी बोलताना आपण एकच मानतो, आणि उपाय शोधताना तेथेच चूक होते. रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाने १९७९ साली अमेरिका आणि स्वीडनमधील कामगारांच्या पाहण्यांच्या आधारे एक मांडणी केली, जी आजही या विषयाचा पाया मानली जाते. कामाचा रेटा किती आहे आणि ते काम कसे करायचे हे ठरवण्याची मुभा किती आहे, या दोन गोष्टी स्वतंत्रपणे मोजाव्यात, असे त्याने सुचवले. रेटा मोठा आणि मुभाही मोठी असेल तर ते काम माणसाला दमवते, पण घडवतेही. रेटा कमी आणि मुभाही कमी असेल तर शिकलेली कौशल्ये हळूहळू गंजतात. रेटा मोठा आणि मुभा तुटपुंजी, असे जेथे असते तेथे खरा ताण साचतो, आणि आजारपण व नोकरी सोडण्याचा विचार तेथूनच सुरू होतो.

एकाच शस्त्रक्रियागृहात या दोन अवस्था शेजारी शेजारी उभ्या असतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनवर प्रचंड दडपण असते, पण आधी काय करायचे, किती वेगाने करायचे, कोठे थांबायचे हे तो ठरवतो, आणि बऱ्याचदा दिवसाची यादीही त्याच्याच सोयीने लागलेली असते. टेबलाच्या पलीकडे उभी असलेली स्क्रब नर्स, म्हणजे सर्जनच्या हाती साधने देणारी परिचारिका, तितकेच तास उभी असते आणि तितकीच एकाग्र असते. मात्र यादीत ऐनवेळी एक शस्त्रक्रिया वाढली की तिची घरी जाण्याची वेळ बदलते, आणि ती वाढवावी की नाही हे तिला कोणी विचारलेले नसते. दोघांनाही दिवसाअखेर थकवा येतो. फरक इतकाच की सर्जनचा थकवा झोपेने जातो आणि नर्सच्या थकव्यात चीड मिसळलेली असते.

मुभा म्हणजे मनमानी नव्हे. कॅरासेकच्या मांडणीत तिचे दोन भाग आहेत : आपले कौशल्य पूर्णपणे वापरण्याची आणि नवे शिकण्याची संधी, आणि कामाविषयीचे निर्णय घेण्याचा अधिकार. पुढे १९८८ साली जेफ्री जॉन्सन आणि एलन हॉल यांनी त्यात तिसरी बाजू जोडली, ती म्हणजे सहकाऱ्यांचा आणि वरिष्ठांचा आधार. रेटा जास्त, मुभा कमी आणि पाठीशी कोणी नाही, ही अवस्था सर्वांत घातक ठरते. एकट्याने रात्रपाळी सांभाळणाऱ्या नव्या परिचारिकेला हे समजावून सांगावे लागत नाही.

याचा शरीरावर परिणाम होतो का, असा प्रश्न प्रशासन हमखास विचारते, म्हणून उत्तर तयार ठेवावे. लंडनमधील दहा हजारांहून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल-२ हा अभ्यास १९८५ साली सुरू झाला, आणि कामावर नियंत्रण कमी असलेल्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण जास्त असल्याचे त्यातून दिसले. २०१२ साली लॅन्सेट या नियतकालिकात तेरा युरोपीय अभ्यासगटांतील सुमारे दोन लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहण्यात आली, तेव्हा ताणाचे काम करणाऱ्यांना हृदयधमनीविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी अधिक आढळला. हा धोका खरा आहे, पण मध्यम आहे. धूम्रपानाचा धोका याहून कितीतरी मोठा असतो. त्यामुळे ताणाने हृदय बंद पडते अशी भित्तिपत्रके लावून कर्मचाऱ्यांना घाबरवण्यात अर्थ नाही.

येथेच एक इशारा देणे आवश्यक आहे. मुभा हा मनुष्यबळाला पर्याय होऊ शकत नाही. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांविषयी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी आणि परिचारिका कामाच्या ताणाने कोलमडण्याची (इंग्रजीत बर्नआउट) शक्यता सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. ज्या वॉर्डात एका सिस्टरकडे पेलता येणार नाहीत इतके रुग्ण आहेत तेथे आधी माणसे मागावीत, लेखी मागावीत आणि मागत राहावे. पुढे सांगितलेले उपाय त्या मागणीसोबत करायचे आहेत. ती मागणी सोडून देण्यासाठी त्यांचा आधार घेऊ नये.

ध्यानवर्ग, श्वसनाचे व्यायाम, कणखरपणावरील कार्यशाळा यांविषयी मी फार लिहिणार नाही. त्या निरुपयोगी आहेत असे नाही. काहींना त्यांचा फायदा होतो. पण डॉक्टरांच्या थकव्यावरील उपायांचा २०१७ साली जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात व्यक्तीला बदलू पाहणाऱ्या उपायांपेक्षा कामाची रचना बदलणाऱ्या उपायांचा परिणाम अधिक दिसला. शिवाय अशी कार्यशाळा बहुधा सुट्टीच्या दिवशी आणि सक्तीने ठेवलेली असते, म्हणजे उरलीसुरली मुभाही तीच काढून घेते.

पंधरा दिवसांची नोंद ठेवा

ताण मोजण्यासाठी तयार प्रश्नावल्या आहेत. ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा कार्यालयाची ३५ प्रश्नांची प्रश्नावली कामाचा रेटा, नियंत्रण, आधार, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदलाची हाताळणी अशा सहा बाजू तपासते, आणि सुरुवातीला ती पुरेशी आहे. वापरायची असेल तर एक पथ्य पाळावे. विभागात दहाहून कमी माणसे असतील तर उत्तरे पदानुसार वेगळी काढू नयेत, कारण एकच टेक्निशियन असलेल्या विभागात टेक्निशियनचे मत निनावी राहूच शकत नाही. निनावीपणाचे आश्वासन एकदा मोडले की पुढची कोणतीही प्रश्नावली प्रामाणिकपणे भरली जाणार नाही.

प्रश्नावलीने वॉर्ड आजारी आहे हे कळते, पण दुखणे कोठे आहे ते कळत नाही. त्यासाठी थांबलेल्या निर्णयांची नोंद ठेवावी. पंधरा दिवस, प्रत्येक शिफ्टमध्ये, प्रत्येकाने जास्तीत जास्त तीन ओळी लिहायच्या, आणि प्रत्येक ओळीत एका निर्णयाविषयी सांगायचे : काय ठरवायचे होते, कोणाला विचारावे लागले, किती वेळ थांबावे लागले आणि शेवटी काय ठरले. रुग्णाचे नाव किंवा नोंदणी क्रमांक लिहायचा नाही. तीनपेक्षा जास्त ओळी मागू नयेत, नाहीतर ही नोंदवही हाच आणखी एक भार होऊन बसेल.

अशा वहीचे रात्रपाळीतील एक पान साधारण असे असते. सव्वाअकरा वाजता एका रुग्णाला १०१ ताप, केसपेपरवर तापासाठी काहीच लिहिलेले नाही, ऑन-कॉल डॉक्टर कॅज्युअल्टीत अडकलेले, पन्नास मिनिटांनी फोन लागला, पॅरासिटामॉल द्या म्हणाले. पावणेदोन वाजता दुसऱ्या रुग्णाची लघवीची नळी काढायची की नाही हा प्रश्न, सकाळच्या राउंडला विचारा असे उत्तर. तीन वाजल्यापासून मॉनिटरची घंटा सतत वाजते आहे, कारण रुग्णाच्या नाडीचे ठोके ११०च्या आसपास स्थिर आहेत आणि घंटेची मर्यादा १०० ला लावलेली आहे; मर्यादा बदलण्याचा अधिकार नाही, म्हणून सकाळपर्यंत दर काही मिनिटांनी जाऊन ती घंटा हाताने बंद केली.

या पानात कामाचा बोजा फार मोठा नाही. तरीही सकाळी ही परिचारिका चिडलेली आणि थकलेली घरी जाते, कारण प्रत्येक वेळी काय करायचे हे तिला माहीत होते आणि ते करता येत नव्हते. तिकडे ऑन-कॉल डॉक्टरचीही अवस्था बरी नसते. त्याच्या वहीत त्याच रात्रीचे वीस फोन असतात, आणि त्यातील बहुतेकांना त्याने फक्त होकार दिलेला असतो.

पंधरा दिवसांनी वह्या गोळा करून एका बैठकीत वाचाव्यात. थांबण्याचे तास मोजण्याच्या फंदात फारसे पडू नये. पाहायचे ते असे की, एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला गेला आहे का, आणि त्याला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळाले आहे का. दहापैकी नऊ वेळा उत्तर होकारार्थीच असेल, तर तो निर्णय नको तितक्या वर बसलेला आहे. तो खाली आणता येईल. उत्तर प्रत्येक वेळी वेगळे असेल, तर तेथे वैद्यकीय विचार खरोखरच लागतो, आणि तो निर्णय आहे तेथेच राहू द्यावा. तिसरा प्रकार सर्वांत त्रासाचा असतो : ज्याचे उत्तर द्यायचे कोणी हेच ठरलेले नाही. बिघडलेला सक्शन पंप कोणी कळवायचा, मृत्यूनंतर नातेवाइकांशी कोणी बोलायचे, रिकामी खाट कोणत्या विभागाची, असे प्रश्न या गटात येतात. त्यांच्यासाठी अधिकार खाली आणण्याची गरज नसते, एक नाव ठरवण्याची असते, आणि ते काम त्याच बैठकीत उरकावे.

वर अडकलेला निर्णय लेखी आदेशाने खाली आणणे

हा या मार्गदर्शनाचा गाभा आहे, म्हणून येथे सविस्तर लिहितो. तोंडी मुभा ही मुभा नसते. तुम्ही अनुभवी आहात, वाटेल ते द्या, असे सांगणारे डॉक्टर काही बिघडले की तसे सांगितल्याचे विसरतात, आणि परिचारिकेवरचा ताण पहिल्यापेक्षा वाढतो. म्हणून प्रत्येक हस्तांतरित निर्णयासाठी एका पानाचा लेखी स्थायी आदेश तयार करावा, आणि तो आपल्या देशाच्या कायद्यात आणि त्या पदाच्या नोंदणीच्या मर्यादेत बसतो की नाही हे रुग्णालयाच्या औषध समितीकडून तपासून घ्यावे.

तापाचेच उदाहरण घेऊ. आदेशात पहिल्यांदा तो कोणाला लागू आहे ते लिहावे, म्हणजे प्रौढ रुग्ण, तोंडाने औषध घेऊ शकणारा, अमुक तापमानाच्या वर. त्यानंतर कोणाला लागू नाही ते लिहावे, आणि हा भाग सर्वांत काळजीपूर्वक लिहावा. यकृताचा आजार असलेला रुग्ण, पॅरासिटामॉलची ॲलर्जी असलेला रुग्ण, आणि ज्याच्या इतर गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच आहे व चोवीस तासांची मर्यादा ओलांडली जाईल असा रुग्ण येथे वगळावा लागतो. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाचा ताप ही तातडीची अवस्था असते, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. तेथे गोळी देऊन थांबणे धोक्याचे आहे, ताबडतोब डॉक्टरांना बोलावलेच पाहिजे. मग मात्रा, दोन मात्रांतील अंतर, गोळी दिल्यावर किती वेळाने पुन्हा तापमान, नाडी व रक्तदाब पाहायचा, आणि कोणते आकडे दिसले तर फोन करायचा, हे लिहावे. शेवटी आदेशावर सही कोणाची आहे आणि तो पुन्हा कोणत्या तारखेला तपासायचा आहे हे नमूद करावे.

असा कागद तयार झाल्यावर तो वॉर्डात चिकटवून मोकळे होऊ नये. ज्यांना अधिकार मिळणार आहे त्यांच्यासोबत बसून चार-पाच कल्पित रुग्णांवर तो चालवून पाहावा. बहुतेक वेळा एखादी ज्येष्ठ सिस्टर अशी एक परिस्थिती सांगते की जी लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या डोक्यातही आलेली नसते, आणि आदेशात एक ओळ वाढते. आदेश वापरायचा की फोन करायचा, हा पर्याय परिचारिकेकडे कायम राहिला पाहिजे. शंका आली म्हणून फोन केला आणि त्यावर, आदेश आहे ना, मग मला का उठवले, असे ऐकावे लागले, तर तो आदेश दुसऱ्याच दिवशी निरुपयोगी होतो.

मॉनिटरच्या घंटेसाठी, रुग्णाला तपासून आणि नोंद करून ठरावीक पट्ट्यात मर्यादा बदलण्याचा अधिकार परिचारिकेला देता येतो, आणि त्या पट्ट्याबाहेर जायचे असेल तर डॉक्टरांना विचारावे असे ठरवता येते. लघवीची नळी ठरलेल्या निकषांवर परिचारिकेने स्वतःहून काढण्याची पद्धत अनेक रुग्णालयांत रुळलेली आहे, आणि तिचा दुहेरी लाभ असा की नळी जितके दिवस कमी राहील तितका संसर्गाचा धोका कमी होतो. प्रयोगशाळेत फुटलेल्या तांबड्या पेशींचा नमुना नाकारून पुन्हा मागवण्याचा अधिकार टेक्निशियनला असावा, आणि ओरडा खाण्याची पाळी आली तर पर्यवेक्षकाने त्याच्या बाजूने उभे राहावे. एका वेळी दोन किंवा तीनच निर्णय हलवावेत. पहिले नीट बसले की मग पुढचे घ्यावेत.

ड्युटीचे रोस्टर

वैद्यकीय निर्णयांनंतर ताणाचे सर्वांत मोठे उगमस्थान म्हणजे रोस्टर. माणूस रात्रपाळी सहन करतो. पुढच्या आठवड्यात रात्रपाळी आहे की नाही हे गुरुवारपर्यंत माहीत नसणे सहन करत नाही. म्हणून पहिला नियम असा की रोस्टर किमान चार आठवडे आधी लागले पाहिजे, आणि लागल्यानंतर त्यात बदल करायचा असेल तर ज्याची ड्युटी बदलते त्याला विचारूनच करावा.

दोन ड्युट्यांमध्ये पुरेशी विश्रांती असावी. युरोपीय संघाच्या २००३ सालच्या कामाच्या वेळेविषयीच्या निर्देशात चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती आणि सरासरी आठवड्याला ४८ तासांची कमाल मर्यादा आहे. आपल्याकडे तसा कायदा नसला तरी ११ तासांचे अंतर हा चांगला मापदंड आहे. संध्याकाळची ड्युटी संपवून दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर होण्याची जी पद्धत अनेक वॉर्डांत सवयीने चालते, ती या मापात बसत नाही. पाळ्या फिरवायच्या असतील तर सकाळ, मग संध्याकाळ, मग रात्र या क्रमाने फिरवाव्यात, कारण झोपेची वेळ पुढे ढकलणे शरीराला मागे ओढण्यापेक्षा सोपे जाते.

यापुढची पायरी म्हणजे कर्मचाऱ्यांनी स्वतः रोस्टर भरणे. ही पद्धत जेथे फसते तेथे बहुधा एकाच कारणाने फसते : जो आधी पोहोचतो तो चांगल्या ड्युट्या घेतो, आणि उरलेल्या रात्री सर्वांत नव्या किंवा सर्वांत गप्प माणसाच्या वाट्याला येतात. म्हणून आधी इन-चार्जने रिकामा तक्ता लावावा, आणि प्रत्येक शिफ्टला किमान किती माणसे व त्यांपैकी किती अनुभवी हवीत हे त्यावर लिहावे. ड्युट्या निवडण्याचा क्रम दर महिन्याला फिरता ठेवावा. रात्री, रविवार आणि सणांचे दिवस यांची प्रत्येकाची वर्षभराची संख्या सर्वांना दिसेल अशी लावावी. तक्रारींचा निम्मा जोर आकडे उघड झाल्यावरच ओसरतो. समान पदावरील दोघांनी आपसांत ड्युटी बदलली आणि विश्रांतीचा नियम मोडत नसेल, तर परवानगी मागण्याची गरज नसावी, कळवणे पुरेसे असावे.

इन-चार्जचे काम यामुळे कमी होत नाही, बदलते. तिला ड्युट्या वाटायच्या नसतात, निकष पाळले गेले का ते पाहायचे असते. काही इन-चार्जना हा अधिकार सोडणे जड जाते, कारण रोस्टर हेच त्यांच्या हातातील एकमेव चलन असते. ही अडचण खरी आहे. वरून त्यांनाही काही मुभा मिळाल्याशिवाय त्या खाली मुभा देणार नाहीत, हे विभागप्रमुखांनी लक्षात घ्यावे. साहित्य मागवण्याचा किंवा नव्या माणसाच्या निवडीत मत देण्याचा अधिकार त्यांना द्यावा.

जेवणाच्या सुट्टीविषयी थोडक्यात : सुट्टीत माझे रुग्ण कोण पाहणार आहे याचे नाव शिफ्टच्या सुरुवातीलाच ठरलेले नसेल, तर सुट्टी कागदावरच राहते.

कागदपत्रे आणि संगणकावरील नोंदी

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत ५७ डॉक्टरांचे काम घड्याळ लावून पाहिले गेले, तेव्हा रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणकावर आणि टेबलावरच्या कामात जातात असे दिसले. नोंदींचे ओझे दुहेरी असते, कारण ते रेटाही वाढवते आणि कौशल्य वापरण्याची संधीही कमी करते. हवाईमधील एका रुग्णालय समूहाने २०१७ साली कर्मचाऱ्यांना सरळ विचारले की, नोंद प्रणालीतील कोणत्या गोष्टी निरर्थक वाटतात. दर तासाला रुग्णाला पाहिल्याची टिचकी मारण्याची सक्ती काढून टाकल्यावर चार रुग्णालयांत मिळून महिन्याला सुमारे १,७०० परिचारिका-तास वाचले. एका टिचकीला लागत होती अवघी काही सेकंदे.

आपल्या विभागात हे करण्यासाठी सर्व रजिस्टरे आणि फॉर्म एका टेबलावर मांडावेत आणि प्रत्येकाविषयी एकच प्रश्न विचारावा : गेल्या महिन्यात हे कोणी वाचले? कायद्याने किंवा रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी लागणारी रजिस्टरे, उदाहरणार्थ नियंत्रित औषधांची, अर्थातच ठेवावीत. उरलेल्यांपैकी ज्यांना वाचक सापडत नाही ती तीन महिने बंद करून पाहावीत. एकच माहिती तीन ठिकाणी लिहिली जात असेल तर दोन ठिकाणे बंद करण्यासाठी अभिलेख विभागाशी बोलावे. मोठ्या संस्थेत येथे थोडा विरोध होतो, कारण प्रत्येक फॉर्ममागे तो सुरू करणारा एक अधिकारी असतो आणि तो बहुधा अजून नोकरीत असतो.

अधिकारासोबत वेळ आणि आधार द्या

मुभा वाढवण्याच्या नावाखाली जबाबदारी खाली ढकलण्याचा मोह टाळावा. एखाद्या सिस्टरला संसर्ग नियंत्रणाची प्रमुख नेमले आणि तिचे सर्व रुग्ण तसेच ठेवले, तर तिचा रेटा वाढतो, मुभा नाही. कोणत्याही समितीचे, प्रशिक्षणाचे किंवा आदेश लिहिण्याचे काम ड्युटीच्या तासांत धरावे. नव्या माणसाला एकदम पूर्ण अधिकार देणेही चुकीचे आहे. शेजारी कोणी नसताना मिळालेला अधिकार त्याला भीतीदायक वाटतो, आणि ती भीती योग्यच असते.

चूक घडल्यानंतरचे काही दिवस विशेष जपावेत. उपचारात काही बिघडले की पहिला आणि मोठा आघात रुग्णावर आणि कुटुंबावर होतो. पण ज्याच्या हातून ते घडले तोही मोडतो, याकडे अल्बर्ट वू यांनी २००० साली लक्ष वेधले. अशा माणसाशी चौकशी करणाऱ्याने एकदा आणि चौकशीशी संबंध नसलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्याने त्याच दिवशी वेगळे बोलावे. पुढच्या दोन ड्युट्या घ्यायच्या की नाहीत हे त्याला ठरवू द्यावे. अधिकार वापरताना आदेशानुसार वागूनही वाईट परिणाम झाला असेल, तर आदेशावर सही करणाऱ्याने पुढे येऊन तसे सांगावे. हे एकदा जरी घडले नाही, तरी सगळा वॉर्ड पुन्हा प्रत्येक गोष्टीसाठी फोन करू लागतो.

पद नसलेल्यांसाठी

निवासी डॉक्टरला किंवा कनिष्ठ परिचारिकेला रोस्टर बदलता येत नाही, पण आपल्या शिफ्टचा काही भाग आपल्या हातात घेता येतो. रात्रीची ड्युटी सुरू होताच डॉक्टरने परिचारिकेसोबत वीस मिनिटे वॉर्डातून फिरावे आणि प्रत्येक रुग्णाविषयी विचारावे की, रात्री याच्यासाठी मला कशाकरता बोलवावे लागू शकते. ताप, वेदना, झोप, उलटी, सलाईन संपल्यावर काय, हे त्याच वेळी लिहून ठेवले की मध्यरात्रीचे फोन लक्षणीय घटतात, आणि जे येतात ते खरोखर तातडीचे असतात. परिचारिकेने तातडीचे नसलेले प्रश्न साठवून ठरलेल्या वेळी एकत्र विचारावेत. दोन्हींसाठी कोणाचीही परवानगी लागत नाही.

मागणी करायची असेल तर ती एकट्याने करू नये आणि ताण फार आहे अशा शब्दांत करू नये. पंधरा दिवसांत पॅरासिटामॉलसाठी रात्री ३१ वेळा फोन करावा लागला आणि ३० वेळा होकार मिळाला, अशा आकड्यांत मांडलेली मागणी नाकारणे कठीण जाते.

कामाची रचना कितीही सुधारली तरी काही जण आधीच खूप पुढे गेलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ साली स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात कामाने येणारे हे कोलमडणे आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदलेले आहे, आणि त्याच्या तीन खुणा दिल्या आहेत : शक्ती संपून जाणे, कामापासून मनाने तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. नैराश्य ही याहून वेगळी आणि उपचारांनी बरी होणारी व्याधी आहे. सुट्टीतही मन उचल खात नसेल, झोप आणि भूक गेली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर रोस्टर सुधारण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. आरोग्य कर्मचारी स्वतःच स्वतःला औषध लिहून घेतात आणि ओळखीच्या ठिकाणी जाणे टाळतात. म्हणून विभागप्रमुखांनी रुग्णालयाबाहेरच्या तज्ज्ञाकडे गोपनीयपणे जाण्याची सोय आधीच करून ठेवावी आणि ती सर्वांना माहीत असावी.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजा

बदल सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी तीच पंधरा दिवसांची नोंद पुन्हा ठेवावी. आधी हलवलेल्या निर्णयांसाठी अजूनही फोन होत असतील, तर आदेश अस्पष्ट आहे की लोकांना त्यावर विश्वास नाही हे विचारून घ्यावे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. त्याच काळातील औषधांच्या चुका, पडलेले रुग्ण आणि अतिदक्षता विभागात हलवलेले रुग्ण यांचे आकडे शेजारी ठेवावेत, आणि एखाद्या आदेशामुळे नुकसान होत असल्याचे दिसले तर तो त्याच आठवड्यात मागे घ्यावा. आजारपणाच्या रजा आणि बदलीचे अर्ज इतक्या लवकर बदलत नाहीत. त्यांच्याकडे वर्षाने पाहावे. जे निर्णय आपल्या पातळीवर हलवता आले नाहीत त्यांची यादी नोंदींतील आकड्यांसह लेखी वर पाठवावी, उत्तराची तारीख मागावी, आणि मिळालेले उत्तर, नकार असला तरी, वॉर्डाच्या फलकावर लावावे.